फेरीवाल्यांना बंदी, आणि भाजी महाग

ताई, सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय ६१. यजमान गेल्यापासून घरी डबे करून देते. बँकेतले दोघे-तिघे, शाळेतले गुरुजी, रस्त्याच्या कामावरची मुलं असे मिळून वीस डबे जातात. वाडीत अठरा घरं, त्यातली सात उघडी. बाकीच्या घरांत शिमग्याला आणि गणपतीलाच चूल पेटते.

जूनच्या सुरुवातीला शेजारचं बंद घर फुटलं. मागच्या पडवीची कौलं काढून आत शिरले आणि तांब्याचे दोन हंडे, समया, मिक्सर, गॅसची टाकी घेऊन गेले. मालक मुंबईला असतात. 'भांड्यांसाठी कुठे पोलिसांत जायचं' म्हणाले आणि गप्प बसले. पण वाडीतली मुलं पेटली. नाक्यावर फलक लागला, 'फेरीवाल्यांना वाडीत सक्त मनाई'. रात्री दांडे घेऊन गस्त सुरू झाली. चादरी विकणारा एक माणूस गेली बारा वर्षं आमच्याकडे येतो. त्याला देवळाच्या सभामंडपात दोन तास बसवून ठेवला आणि त्याच्या आधार कार्डाचा फोटो वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. मला बघवलं नाही, पण मी बोलले नाही.

दर गुरुवारी घाटावरून भाजीचा टेम्पो यायचा, तोही बंद झाला. नाक्यावरच्या दुकानात भाजी किलोमागे पंचवीस रुपये जास्त पडते. नारळ गेल्या वर्षी २५ ला घेत होते, आता ४५. डबा मात्र ७० लाच. दर वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल. मुलगा डोंबिवलीहून म्हणतो, घर बंद कर आणि इकडे ये. मी वाडीत बोलू की गप्प बसू? आणि डब्याचं काय करू?

एक डबेवाली

*

वहिनी, नमस्कार.

आधी डब्याचा हिशेब मांडू. वाडीत तोंड उघडायचं तर हातात आकडा असलेला बरा. नुसतं 'मला बघवलं नाही' म्हटलंत तर मुलं म्हणतील, काकी हळव्या आहेत, आणि पुढच्या विषयाकडे वळतील.

चार डब्यांना एक नारळ धरते. आमटीला, भाजीवर पेरायला, एखाद दिवशी सोलकढीला. म्हणजे वीस डब्यांना रोज पाच नारळ. नारळामागे वीस रुपये वाढले, तर डब्यामागे पाच. भाजी डब्याला दीडशे ग्रॅम म्हटली तर रोज तीन किलो. किलोमागे पंचवीस म्हणजे दिवसाला ७५ रुपये, डब्यामागे पावणेचार. तेल दिवसाला अर्धा लिटर जात असेल आणि लिटरमागे वीस-पंचवीस वाढले असतील, तर डब्याला जेमतेम अर्धा रुपया. महागाई म्हटली की सगळे पहिल्यांदा तेलाच्या नावाने बोटं मोडतात. तुमच्या डब्यात तरी तेल हा मोठा चोर नाही.

तेलावर तुमचा-माझा इलाजही नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने आयात शुल्क वाढवलं, मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणलं. आपल्याला त्यातलं काय कळतं, तर पिशवीवरचा छापील आकडा. नारळाचंही तसंच. आपल्या दारात माड असले तरी भाव ठरतो तो केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत. तिकडे माल कमी आला की देवगडात चढतो.

भाजीची गोष्ट मात्र वेगळी. पावसात फोंडा, करूळ, भुईबावडा यांपैकी एखाद्या घाटात दरड आली की भाजी महाग होते, हे दरवर्षीचंच आहे. थोडी वाढ त्यातली असेल. पण टेम्पो तुमच्या दारात थांबत होता तेव्हा तुम्ही नाक्यापेक्षा किलोमागे पंचवीस रुपयांनी स्वस्त घेत होता, हे तुम्हीच लिहिलंय. रोजचे ७५, महिन्याचे २६ दिवस, झाले १९५० रुपये. नाक्यावरच्या त्या फलकापायी तुमच्या एका घरातून महिन्याला एवढे जातात. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चोरीकडे येते.

कौलं काढून शिरले, हे तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. मंगलोरी कौलं एकेक करून उतरवायची, आवाज न करता खाली ठेवायची, वाशांच्या मधून आत उतरायचं, मग आतून मागचं दार उघडून तांब्याचे हंडे आणि गॅसची टाकी बाहेर आणायची. टाकी खांद्यावर मारून कोणी चालत जात नाही, कुठेतरी गाडी उभी असणार. या सगळ्याला तास-दीड तास लागला असेल. कोणी केलं ते मला ठाऊक नाही आणि वाडीतल्या कोणीही इतक्यात नाव घेऊ नये. एवढं मात्र दिसतं की ज्याने केलं त्याच्याकडे वेळ होता, आणि मागच्या अंगाला कोणी फिरकत नाही याची खात्री होती. स्कूटरवर चादरींचं गाठोडं बांधून, आरोळ्या देत, भर दुपारी प्रत्येक खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहणारा माणूस असल्या कामाला नालायक. त्याला अख्खी वाडी बघत असते.

आठवा, दिवसभरात वाडीत कोण कोण यायचं. सकाळी पाववाला सायकलचा भोंगा वाजवत. मग टोपली घेऊन मासेवाली. पोस्टमन. गुरुवारी टेम्पो. मधूनच भंगारवाला, चादरवाला, वर्षातून एकदा कल्हईवाला. नवा कोणी दिसला की ओट्यावर बसलेली म्हातारी विचारायची, "खंयसून इलास रे? कोणाकडे जातलस?" तो सांगायचा, पाणी प्यायचा, पुढे जायचा. यात दोन्हीकडून नजर असायची. म्हातारी त्याला बघून ठेवायची आणि तो वाडी बघून ठेवायचा. मासेवालीला तर कुठल्या घराला कुलूप आहे, कुठल्या घरात कोण आजारी आहे आणि कोणाच्या मागच्या दाराची कडी नीट लागत नाही, हे आपल्यापेक्षा आधी कळतं. अशा बायका 'गो, त्या दाराक आज कुलूप दिसत नाय' म्हणून सांगून जातात. मुलांनी फलक लावून नेमकी ही ये-जा बंद केली. मुलं स्वतः दिवसा कामाला किंवा देवगडात. म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वाडीत सात घरांतली म्हातारी माणसं आणि अकरा कुलपं. कौलं उतरवणाऱ्याला आणखी काय हवं?

रात्रीची गस्त वाईट नाही, दांडे वाईट आहेत. अंधारात, चारजण, हातात लाकूड, फोनवर कोणीतरी फिरवलेला 'मुलं पळवणारी टोळी आली' असा मजकूर, आणि समोर भाषा न कळणारा एखादा माणूस. तुमच्याकडे तर आंब्याच्या बागांत राखणीला कितीतरी नेपाळी कुटुंबं असतात, ती दुकानातून परतताना रस्त्यानेच जाणार. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडा बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारे म्हणून अफवा होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तुमच्या वाडीतली मुलं तशी नाहीत, मला मान्य. चादरवाल्याला त्यांनी बोटही लावलं नसेल. पण माणसाला बसवून ठेवणं, ही पहिली पायरी त्यांनी ओलांडलेली आहे.

मुलांना माणुसकीच्या गोष्टी सांगून उपयोग नसेल तर कायद्याची गोष्ट सांगा. कोणाची वाट अडवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२६, कोंडून किंवा बसवून ठेवलं तर कलम १२७. साध्या नागरिकाला कोणाला पकडता येतं ते फक्त त्याच्या डोळ्यांदेखत गंभीर, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल तर, किंवा तो जाहीर झालेला फरारी गुन्हेगार असेल तर. आणि तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावंच लागतं. चादरी विकणं हा गुन्हा नाही. देशात कुठेही फिरायचा आणि धंदा करायचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिलाय, वाडीच्या ग्रुपवर ठरवून तो काढता येत नाही. आणि मुलांच्या काळजाला भिडेल असं शेवटी सांगा: यातल्या कितीजणांना बोटीवर नाहीतर आखातात जायचंय? पासपोर्टला पोलिसांची पडताळणी असते. चादरवाला उद्या पोलीस ठाण्यात गेला तर त्याच्या अर्जात नावं कोणाची येतील?

आधार कार्डाचा तो फोटो ग्रुपवरून आजच्या आज काढायला सांगा. ज्याने टाकला त्याला एकट्याला फोन करा, ग्रुपवर लिहू नका. चारचौघांत सांगितलं की माणूस हट्टाला पेटतो.

गस्तीच्या जागी काय, हा प्रश्न मुलं विचारणारच. आपल्या किनाऱ्याला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. १९९३ मध्ये रायगडात शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली, २००८ मध्ये दहशतवादी समुद्रातूनच मुंबईत आले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांत सागर सुरक्षा दलं उभी राहिली, मच्छीमारांनाच त्यात घेतलं. त्यांचं काम अनोळखी होडी दिसली की कळवायचं, एवढंच. होडीवर चढून मारामारी करायची नाही. किनाऱ्यासाठी १०९३ हा क्रमांक आहे, इतर वेळी ११२. तुमच्या बंदरावरच्या गाबीत मच्छीमार मंडळींत कोणीतरी या दलात असेलच, त्यांना एकदा वाडीत बोलवा. आणि पोलीस पाटलांना आधी. गावात संशयास्पद काही दिसलं तर ठाण्याला कळवणं हे त्यांचं कामच आहे. ग्रामसुरक्षा दल पोलिसांच्या माहितीने करा, नावं ठाण्यात द्या, हातात बॅटरी आणि शिट्टी ठेवा. एक वही करा, अनोळखी गाडी दिसली तर नंबर, वेळ, दिशा. फेरीवाल्यांचीही नोंद ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण ती पोलीस पाटलांच्या वहीत. एकदा नाव-गाव-फोन लिहिला की पुन्हा पुन्हा अडवायचं नाही.

(तिकडे वेंगुर्ल्याकडे आरवलीचा वेतोबा रात्री गावाची फेरी मारतो म्हणतात, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक नवसाला मोठाल्या चपला देतात. दांडा कोणी दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.)

शेजारच्या मालकांना फोन करून तक्रार करायला लावा. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, आग्रहाने सांगते. 'भांड्यांसाठी कुठे पोलीस' असं प्रत्येकजण म्हणतो, आणि मग ठाण्याच्या कागदावर तुमच्या भागात चोरीच झालेली नसते. गस्तीची गाडी का वळेल तुमच्याकडे? त्यांना मुंबईहून यायचीही गरज नाही. नव्या कायद्यात, १ जुलै २०२४ पासून, गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात खबर देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते. आणि चोरीला गेलेली टाकी गॅस एजन्सीकडे दाखवायची तर तिथे ही प्रत मागतातच, म्हणजे भांड्यांसाठी नको असेल तर टाकीसाठी तरी करा म्हणावं.

आता जे सांगणार आहे त्यात चोरी आणि नारळ एकत्र येतात.

अकरा बंद घरं. प्रत्येकाच्या पाठी चार-सहा माड असणार. वर्षातून दोनदा मालक येतात तेव्हा नारळांची पाडप होते, मधल्या काळात नारळ खाली पडतात, कुजतात, माकडं कोवळे काढून फेकतात, उरलेले कोणीतरी उचलतं. आणि तुम्ही शेजारी बसून ४५ ला नारळ विकत घेता! पूर्वी मुंबईकर बंद घराची दिवाबत्ती करायला वाडीतल्या कोणाला तरी सांगून ठेवायचे. संध्याकाळी देवाजवळ दिवा लागायचा, त्या निमित्ताने एक माणूस रोज घराभोवती फिरून यायचा. बऱ्याच घरांत ही पद्धत सुटली, कारण करणारं माणूस उरलं नाही किंवा पैशांवरून बिनसलं.

तुम्ही चार घरांपासून सुरुवात करा, अकरा एकदम नको. मालकांना सांगा: मी रोज नाही तर दिवसाआड येऊन घराभोवती फेरी मारीन, कुलपं बघीन, पडवीत दिवा लावीन, खळ्यातलं रान वाढलं की गड्याकडून काढून घेईन आणि पैसे कळवीन. बदल्यात माडांची राखण माझी, नारळ अर्धेलीने. तुमचे निम्मे नारळ गणपतीला या तेव्हा पोत्यात भरून तयार. पैशांत ठरवाल तर महिना-दोन महिन्यांत भांडण होईल, नारळात ठरवाल तर टिकेल, असा माझा अनुभव आहे.

दोन गोष्टींची काळजी घ्या. कोकणात दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवला की मालकाच्या पोटात पहिला गोळा येतो तो कुळाचा. कसणारं कूळच जमिनीचं मालक ठरलं, त्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाची धास्ती तिसऱ्या पिढीलाही आहे. तेव्हा साध्या कागदावर लिहून द्या, अकरा महिन्यांसाठी, जमिनीवर किंवा झाडांवर माझा कुठलाही हक्क राहणार नाही, फक्त राखण. खाली तुमची सही, पोलीस पाटलांची साक्ष. दुसरं म्हणजे सातबारा. एका घराच्या सातबाऱ्यावर नऊ नावं असतात आणि फोन उचलणारा एकच असतो. त्या एकाने हो म्हटलं म्हणून माडाखाली जाऊ नका. त्यांच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर त्यालाच मजकूर टाकायला लावा, दोन-चारजणांचे अंगठे आले की मग जा. नाहीतर चतुर्थीला नारळांवरून जो दशावतार रंगेल त्याची नांदी तुमच्या नावाने व्हायची.

बंद घरांच्या मालकांना आणखी एक निरोप द्या: तांब्या-पितळेची मोठी भांडी आणि समया एखाद्या उघड्या घरात ठेवायला द्या, सोनं-नाणं बँकेत. मागच्या अंगाला एक सौर दिवा, जो अंधार पडला की आपोआप लागतो. कॅमेऱ्यावर फार भिस्त नको. पावसात तुमच्याकडे वीज दोन-दोन दिवस जाते, तेव्हा तो कॅमेरा काय बघणार. कुत्रं पाळा म्हटलं असतं, पण तुमच्या बाजूला बिबट्या फिरतो हे मला माहीत आहे, आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं.

वाडीत बोलायचं ते कसं? गणपतीच्या आधी देवळात बैठक होतेच. त्या दिवशी पहिल्यांदा उठून बोलू नका. आधी वाडीतल्या दोन जाणत्या माणसांच्या घरी जा, एक पुरुष, एक बाई. जिच्या घरी तुमच्यासारखीच भाजी महाग झालीय अशी बाई. तो १९५० चा कागद तिला दाखवा. फलक काढा म्हणू नका, टेम्पोला गुरुवारी येऊ द्या म्हणा. "तो टेंपोवालो माका वळखीचो आसा, नाव-नंबर मी पोलीस पाटलांकडे देतंय," एवढंच. टेम्पो आला की चादरवाल्याचं सोपं होईल. त्याचा फोन तुमच्याकडे असणार, हप्त्याने चादर घेतली असेल तर नक्कीच. त्याला तुम्हीच फोन करा. मुलांच्या वतीने माफी मागायची गरज नाही, 'पुढच्या फेरीला आलात की आधी माझ्याकडे चहाला या' म्हणा. तुमच्या खळ्यात बसून चहा पिणाऱ्या माणसाला तुमच्यासमोर कोणी उठवत नाही.

बँकेतले दोघे-तिघे जेवतात म्हणालात, म्हणून चोरीच्याच विषयात हेही सांगते. 'वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन कापणार' असा मजकूर किंवा फोन आला तर त्यातल्या लिंकला हात लावू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३०. वाडी नाक्यावर पहारा देत बसते आणि चोर फोनमधून येऊन जातो.

आता डबा. दर वाढवा. सत्तरचा ऐंशी. वरच्या हिशेबात सव्वानऊ रुपये नुसत्या नारळ, भाजी आणि तेलाचे आहेत. डाळ, गॅस, तुमची मेहनत धरलेलीच नाही. महिन्याच्या मध्यावर वाढवू नका. डब्यासोबत चिठ्ठी द्या: 'पुढील १ तारखेपासून डबा ८० रु. महिन्याचे पैसे ५ तारखेच्या आत देणाऱ्यांना ७६.' बँकेतले आणि गुरुजी दोन दिवस कुरकुरतील आणि देतील, त्यांना बाहेर या भावात घरचं जेवण मिळत नाही. रस्त्याच्या कामावरची मुलं चार रुपयांचाही विचार करतील. त्यांच्यासाठी भाजीऐवजी डाळ जास्त, भात जास्त असा वेगळा डबा ७० लाच ठेवता येईल. त्यांना तुमच्या नारळाच्या वाटणाचं कौतुक नाही, पोट भरणारा भात हवा असतो. एखाद-दुसरा सुटला तर सुटू द्या, वीसच्या जागी अठरा डबे ऐंशीने गेले तरी वीस डबे सत्तरने जाण्यापेक्षा हातात जास्त येतं. १४४० आणि १४००, शिवाय दोन डब्यांचा शिधा वाचला.

रोज नारळ हवाच असंही नाही. आठवड्यातून दोनदा कुळथाची पिठी करा, वर लसणीची फोडणी. कोकमाचं सार नारळाच्या रसाशिवाय होतं, गूळ आणि जिरं-मिरचीची फोडणी घातली की सोलकढीची आठवणही येत नाही. पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू खळ्याच्या कडेला फुकट उगवतं. गुरुजी आवडीने खातील, घाटावरची मुलं नाकं मुरडतील. पडवळ, दोडकी, काकडी लावा असं सांगायला मी धजावत नाही. लावाल तुम्ही आणि खातील माकडं, रानडुकरं. लावायचीच तर घराला लागून, छपरावर चढवून, जिथे तुमची सतत ये-जा असते तिथे.

माशांचं जुलैअखेरपर्यंत काही खरं नाही. १ जूनपासून यांत्रिक बोटींना बंदी, जे मिळतं ते बर्फातलं किंवा खाडीतलं, आणि भाव तोंडाला फेस आणणारा. तोवर डब्यात अंडी द्या आणि तसं स्पष्ट सांगा. सुकट, सोडे, खारे बांगडे एप्रिल-मेमध्ये ऊन असताना घेऊन ठेवायचे असतात, पुढच्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यातच घ्या. कडधान्य, मिरची, कांदे-बटाटे महिन्याचे एकदम. टेम्पो परत येईपर्यंत दोघी-तिघींनी मिळून रिक्षा करून कणकवलीचा मंगळवारचा बाजार करून पाहा, रिक्षाभाडं वजा जाता काय उरतं ते पहिल्याच खेपेत कळेल.

नाक्यावरचा दुकानदार दुधाच्या पिशवीवर 'थंड करायचे' म्हणून दोन रुपये जास्त घेत असेल, बरेच घेतात, तर ते चूक आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, तक्रारीला १९१५ हा ग्राहक क्रमांक आहे. पण उधारी देणारं वाडीत ते एकच दुकान असेल तर आधी तोंडाने बोला. रेशन कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी ५ किलो धान्य फुकट आहे, अंत्योदय असेल तर घराला ३५ किलो. ई-केवायसी झालीय का ते दुकानात विचारून घ्या. मुलगा डोंबिवलीला आणि त्याचं नाव तुमच्या कार्डावर, असं असेल तर त्याचीही राहिलेली असते.

मुलाचं म्हणणं मनावर घेऊ नका, आणि त्याच्यावर रागावूही नका. त्याला तुमची काळजी आहे, वाडीतल्या बातम्या त्याला ग्रुपवरूनच कळतात आणि ग्रुपवर वाडी असते त्यापेक्षा भयंकर दिसते. तुम्ही गेलात की सातची सहा घरं उघडी राहतील आणि बाराव्या कुलपाची राखण कोण करणार, हे त्याला विचारा. रोज रात्री ठरलेल्या वेळी त्याला एक फोन करा. फोन नाही आला तर त्याने शेजारी कोणाला करायचा, तो नंबर त्याच्याकडे असू दे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यात होते, ती करून घ्या. मदतीसाठी १४५६७ हा क्रमांक त्यालाही देऊन ठेवा.

माड चढणारा माणूस मिळणं सगळ्यात कठीण, त्याची वाट बघत बसू नका. परवानगी आली की पडलेले नारळ गोळा करायला लागा. कानाशी धरून हलवून बघा, पाणी वाजत असेल तर सोलून वापरा. कोंब फुटलेले मात्र फोडू नका, सावलीत ओलीला लावून ठेवा. नारळाच्या रोपाला हल्ली गिऱ्हाईक आहे, आणि ते नारळ मालकाच्या वाट्यात धरायचे की तुमच्या, हे कागदावर आधीच लिहून घ्या.